सोरट ते क्रेट

पैसे मोजून बंद पेटी घ्यायची आणि आत काय आहे ते उघडल्यावर पाहायचे, हा व्हिडिओ गेममधल्या 'लूट बॉक्स'चा व्यवहार. पबजी खेळणारी पोरे तिला 'क्रेट' म्हणतात. श्रावणात मराठवाड्यातल्या येडशीच्या रामलिंगाला गर्दी लोटते. अशा जत्रांना हा व्यवहार नवा नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चिठ्ठी फाडायची आणि आकडा निघेल ते बक्षीस घ्यायचे, ते सोरट. बहुतेकांच्या हाती शिट्टी नाहीतर फुगा येई. मोठे बक्षीस पुठ्ठ्यावर लटकलेलेच राही.

अशा दैवाच्या खेळांवरचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. येडशी तेव्हा निजामाच्या राज्यात होती; मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे हाच कायदा इथेही लागू झाला. त्याची नजर मुख्यतः अड्ड्यावर आणि पकडलेल्या रोकडीवर. कलम 13 ने केवळ कौशल्याचे खेळ वगळले. तिरट किंवा कल्याण मटक्यावर छापा पडला की बातमीत कलम 12 (अ) येते ते याच कायद्याचे.

'कौशल्य की दैव' हा प्रश्न 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. आर.एम.डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धांचे ते प्रकरण. न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले, पण भरीव कौशल्य लागणाऱ्या स्पर्धा त्यातून वेगळ्या काढल्या. पुढे 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. 1969 पासून राज्य सरकार स्वतःच लॉटरीची तिकिटे विकू लागले. दैवाचा खेळ वाईट की तो खेळवणारा वाईट, हा प्रश्न तेव्हापासून जरा अवघडच झाला. व्हिडिओ गेम पार्लरांना परवाना घ्यायला लावणारे कर्नाटकातले नियम सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उचलून धरले, तर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम 11 या फँटसी खेळाला जुगार मानले नाही.

क्रेट मात्र या कसोटीच्या बाहेरची. तिच्यात कौशल्याचा लवलेश नाही. पैसेही आधीच द्यावे लागतात, फक्त ते 'यूसी' नावाच्या आभासी चलनात बदलून. सुटका होते ती बक्षिसापाशी. निघालेला बंदुकीचा रंग किंवा पोशाख खेळाबाहेर मोडता येत नाही, म्हणून त्याला पैशाचे मोल नाही, असे कंपन्या सांगतात. हा बचाव लंगडा आहे. दुर्मीळ पोशाख असलेली खातीच चोरून विकली जातात. शिवाय सोरटातली शिट्टी तरी कोण परत विकत घेत होते?

पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. क्रेटचा तिच्याशी संबंध नव्हता. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला, तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये खर्चाची मर्यादा आली. येडशीच्या शिवारात रोजंदारीवर राबणाऱ्या घराला सात हजारांची मर्यादा कसली, ती चैनच.

बाहेरच्या देशांची उत्तरे एकसारखी नाहीत. जपानने 2012 मध्ये 'कॉम्प्लीट गाचा', म्हणजे पेट्यांतून निघालेल्या वस्तूंचा संच पुरा केला की मोठे बक्षीस, हा प्रकार बेकायदा ठरवला. चीनने 2017 पासून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमने 2018 मध्ये काही खेळांतल्या पेट्या सरळ जुगार ठरवल्या. नेदरलँड्समध्ये ईए या गेम कंपनीला अशाच पेट्यांवरून झालेला एक कोटी युरोचा दंड मात्र 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. यात चीनचा उपाय सर्वांत स्वस्त: जुगाराच्या व्याख्येचा प्रश्न न सोडवताही ग्राहकाला निदान पुठ्ठ्यामागचे आकडे दिसतात.

भारतीय संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशाचे ऑनलाइन खेळ, मग कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद झाले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. 1957 पासूनचा वाद ऑनलाइन खेळांपुरता एका फटक्यात बाजूला पडला. पैसे देऊन घेतलेली आभासी नाणीही या कायद्यात पणात धरली आहेत, त्यामुळे यूसीची पळवाट बुजते. लूट बॉक्सचे नाव मात्र त्यात नाही. पैशाच्या किंवा अन्य लाभाची अपेक्षा ही अट कायम असल्याने क्रेटमधून निघालेला पोशाख हा 'लाभ' धरायचा की नाही, यावरच तिचे भवितव्य अडले आहे.