बाबासाहेबांचे सकाळचे कॉलेज आणि आजची स्पर्धा

समाजातल्या शिक्षणसंस्थांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा हल्ली एकच शब्द कानावर पडतो : स्पर्धा! खासगी विद्यापीठांनी करिअरच्या नावाने दुकाने थाटली, आपली मुले तिकडे चालली, तेव्हा आपणही बीबीए-बीसीए काढा, रंगीत माहितीपुस्तिका छापा, फाटकावर शंभर टक्के नोकरीचा फलक लावा! पैसा ओतण्याच्या या शर्यतीत आपण धनदांडग्यांपुढे कसे टिकणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

हाच प्रश्न बाबासाहेबांपुढेही होता. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेव्हा मुंबईत एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स ही नावाजलेली कॉलेजे होतीच. त्यांच्या इमारतींशी बरोबरी करायला आपल्याकडे होते काय? बाबासाहेबांनी त्या कॉलेजांना न दिसलेला विद्यार्थी हेरला. दिवसभर कचेरीत, कारखान्यात राबणारा, शिकायची भूक असूनही दुपारी वर्गात बसू न शकणारा तरुण. त्याच्यासाठी वर्ग सकाळी भरवले. आधी कॉलेज, मग नोकरी! आणि वेळ गरिबांची म्हणून दर्जा खाली आणला नाही. प्राचार्य म्हणून अ. बा. गजेंद्रगडकरांसारखा संस्कृतचा विद्वान नेमला. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेही उच्च शिक्षणाचा दुष्काळ असलेल्या मराठवाड्यासाठी. १९५६ मध्ये मुंबईत लॉ कॉलेज आले.

आज तो विद्यार्थी कुठे आहे? पाठीवर पिशवी घेऊन घरोघरी पार्सल पोचवतो आहे, मॉलच्या दारात रखवालदारी करतो आहे, दवाखान्यात रात्रपाळी करतो आहे. त्याच्या पाळीप्रमाणे वेळापत्रक आखणाऱ्या आपल्या संस्था किती? कायद्याच्या शिक्षणात अडचण आहे, हे आम्ही जाणतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार अनिवासी कॉलेजात वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घेता येतात. पण बी.कॉम. आणि बीसीएच्या वर्गांना हा नियम लागू नाही. तिथे अडवतो कोण?

दुसरी गोष्ट फीची. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होण्याची तरतूद आहे. पैसे उशिरा येतात आणि कॉलेज आज फी मागते. ती भरली नाही म्हणून मूळ कागदपत्रे अडवलेली पोरे आमच्या टेबलापुढे येऊन बसतात. अशी कागदपत्रे अडवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. पण नोटीस पाठवून मुलाचे वर्ष वाचतेच असे नाही. दुःख याचे की, यातली काही कॉलेजे आपल्याच माणसांची असतात आणि त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो!

फिरता निधी उभारून शिष्यवृत्ती येईपर्यंत मुलाला वर्गात बसू देणारी संस्था काढा, तिला जाहिरात लागणार नाही. वस्तीवस्तीतून आयाबाया पोरांना घेऊन येतील. निधी कुठून आणायचा, असे विचारतात. गावोगावच्या संस्थांत विश्वस्तांच्या भांडणाचे खटले वर्षानुवर्षे चालतात, त्याला पैसा कुठून येतो? (या खटल्यांवर आमच्या वकीलबंधूंचीच पोटे भरतात, हेही कबूल करतो.)

पुढच्या जूनचे प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक विश्वस्त मंडळाने दोन ठराव करावेत : एक पाळीनुसार वर्गांचा, दुसरा शिष्यवृत्तीच्या मुलाकडून आगाऊ फी न घेण्याचा. मसुदा हवा असेल तर आम्ही विनामूल्य करून देऊ.