रिमोटने नगर-प्रदक्षिणा!

चॅनल ढीगभर, ओटीटी पोतंभर, आणि तरी रोज रात्री घरोघरी एकच सवाल: 'आज बघायचं काय?' अर्धा तास शोधण्यात जातो, तोवर जेवण आटोपतं आणि डोळे मिटायला लागतात.

थांबा! रिमोट इकडे द्या. या आठवड्याचा सगळा प्रोग्रॅम आपल्या जिल्ह्यातून लावू. कागदोपत्री अहिल्यानगर, जुन्या पोस्टरवर अहमदनगर, एसटीत 'एक नगर द्या'. इथे ना फिल्मसिटी, ना मोठा स्टुडिओ. पण माहीत आहे का? प्रभातपासून हॉलिवूडपर्यंत या मातीचे धागे पोचले आहेत. चॅनलवर पिच्चर लागला तर उत्तम, नाहीतर स्मार्ट टीव्हीवर नाव शोधा. भेळभत्ता तयार ठेवा!

सोमवारची सलामी ब्लॅक अँड व्हाइट. 'संत ज्ञानेश्वर', १९४०, प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. भिंत चालते, रेडा वेद म्हणतो, चांगदेव वाघावर बसून येतात. कॉम्प्युटर ग्राफिक्स हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हाची ही करामत!

आणि ज्ञानेश्वर कोण झालं होतं, माहीत आहे का? शाहू मोडक. जन्म २५ एप्रिल १९१८, गाव अहमदनगर, घर मराठी ख्रिस्ती. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, नेवाशात. नेवासे कुठे? नगर जिल्ह्यात! ज्या खांबाला टेकून माउली बसली असं म्हणतात, तो 'पैस' आजही तिथे उभा आहे. म्हणजे नगरचा ख्रिस्ती मुलगा नगर जिल्ह्यातल्या ग्रंथाचा कर्ता पडद्यावर उभा करतो, आणि अख्खा महाराष्ट्र हात जोडतो. असं कास्टिंग आज कुणाला सुचेल?

मोडकांचा स्कोअरकार्ड इथे संपत नाही. १९३२ चा 'श्यामसुंदर' आठवतो? भालजी पेंढारकरांचा. मुंबईच्या वेस्ट एंड थिएटरात तो २५ आठवड्यांच्या पुढे गेला आणि भारतातला पहिला रौप्यमहोत्सवी बोलपट म्हणून गणला गेला. हिरो शाहू मोडक, वय १४! राधा होती शांता आपटे. म्हणजे सिल्व्हर ज्युबिलीचा नारळ फोडला तो नगरच्या पोरानं.

अजून हवंय? १९३३ चा 'आवारा शहजादा', मराठीत 'औट घटकेचा राजा'. भारतीय बोलपटातला पहिला डबल रोल यातला मानतात. तोही मोडकांचाच. आणि कृष्ण? तब्बल २९ वेळा साकारला म्हणतात. बासरी खाली ठेवायला उसंत मिळाली ती व्ही. शांताराम यांच्या 'माणूस'मध्ये, १९३९ साली. तिथे ते साधा पोलीस शिपाई गणपत झाले, समोर शांता हुबळीकर. मोडक नट म्हणून किती मोठे होते ते इथे कळतं. देवाचा मुकुट काढला तरी नजर त्यांच्यावरून हलत नाही. दोन्ही पिच्चर पाहायचे असतील तर 'माणूस' नंतर पाहा, फरक अंगावर येतो.

आता ब्रेक. फक्त ११ मिनिटांचा.

मोडक जन्मले त्याच्या बरोब्बर ९ दिवस आधी, १६ एप्रिल १९१८ ला, याच नगरमध्ये एक आयरिश बाळ जन्मलं. वडील ब्रिटिश लष्करात. बाळाचं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. जग त्याला ओळखतं स्पाइक मिलिगन म्हणून! बीबीसी रेडिओवरच्या 'द गून शो'चा जनक, ब्रिटिश विनोदाचा दादामाणूस. एका गावात, एका महिन्यात, एकीकडे पडद्यावरचा कृष्ण आणि दुसरीकडे इंग्लंडला हसवून लोळवणारा वल्ली. नगरच्या पाण्यात काहीतरी आहेच!

११ मिनिटं कशाची? मिलिगन आणि पीटर सेलर्स यांच्या १९५९ च्या शॉर्ट फिल्मची. नाव लांबलचक: 'द रनिंग, जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म'. खर्च साधारण ७० पौंड. तरीही ऑस्करचं नामांकन! हा खट्याळपणा बीटल्सना इतका आवडला की त्यांनी पहिल्या पिच्चरसाठी याच फिल्मचा दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर निवडला. तो पिच्चर 'अ हार्ड डेज नाइट'. लेस्टरच्याच 'द थ्री मस्केटियर्स'मध्ये, १९७३ साली, मिलिगन रॅकेल वेल्चचा नवरा झाला आहे. कुटुंबासह हसायचं असेल तर तोही लावा.

मंगळवारी मौन पाळा! म्हणजे तुम्ही नव्हे. नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. आणि माहीत आहे का? १९३२ मध्ये हे मौनी बाबा थेट हॉलिवूडला गेले होते. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या सुपरस्टार जोडप्यानं आपल्या बंगल्यात त्यांचं स्वागत केलं. मूकपट नुकतेच मागे पडले होते, स्टार बोलायला लागले होते, आणि पाहुणा मात्र अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून संवाद साधत होता.

बाबांच्या भक्तांत एक निर्माता होता, गॅब्रिएल पास्कल. त्याचा १९३८ चा 'पिग्मॅलियन' हा मंगळवारचा पिच्चर. मूळ नाटक आणि पटकथा बर्नार्ड शॉ यांची. शॉंना त्यासाठी ऑस्कर मिळालं. नोबेल आणि ऑस्कर दोन्ही घेणारे ते पहिले! पुढची कडी तर मराठी माणसाला पाठ आहे. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिलं आणि भक्ती बर्वे यांनी रंगमंच दणाणून सोडला.

भक्ती बर्वे हे नाव धरून ठेवा. उद्या लागणार आहे!

बुधवार. 'अर्धसत्य', १९८३. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकर, समोर ओम पुरी आणि स्मिता पाटील. आणि खुर्चीत रेलून बसलेला, आवाज न चढवता घाम फोडणारा रामा शेट्टी. सदाशिव अमरापूरकर! आपले तात्या. जन्म नगरचा, ११ मे १९५०.

निहलानींना ते सापडले कुठे, माहीत आहे का? नाटकात. 'हँड्स अप' या मराठी नाटकात तात्यांसोबत होते अविनाश मसुरेकर आणि, ओळखलंत ना, भक्ती बर्वे! नाटक गाजलं, निहलानींची नजर गेली, आणि हिंदी पडद्याला नवा खलनायक मिळाला. तोपर्यंत व्हिलन म्हणजे चित्त्याचं कातडं, फिरती खुर्ची, गडगडाटी हास्य. तात्यांनी हे सगळं काढून टाकलं आणि उरली ती थंडगार भीती. फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. थोडे सीन आहेत, पण पिच्चर संपल्यावर दोन चेहरे आठवतात, एक ओम पुरींचा आणि एक यांचा.

मग १९९१ चा 'सडक'. साडी नेसलेली महाराणी पाहून थिएटरं हादरली. फिल्मफेअरनं नकारात्मक भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि तो सगळ्यात पहिला घेतला कुणी? तात्यांनीच! पण ज्यांनी त्यांना फक्त व्हिलन म्हणून पाहिलंय त्यांनी २००२ चा 'देवी अहिल्याबाई' शोधा. दिग्दर्शक नचिकेत पटवर्धन. यात तात्या मल्हारराव होळकर आहेत, सोबत शबाना आझमी. अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडी, जामखेड तालुका. जिल्हा सांगायला हवा का?

आणि ही तारीख वहीत टिपून ठेवा: ११ मे. या तारखेला १९५० मध्ये अमरापूरकर जन्मले, आणि याच तारखेला १९९३ मध्ये शाहू मोडक गेले. देवाचा चेहरा आणि खलनायकाचा चेहरा, दोन्ही नगरचे, दोन्ही एका तारखेवर.

गुरुवार! साईबाबांचा वार, त्यामुळे चॉइस सोपा. १९७७ साल शिर्डीसाठी डबल धमाका होतं. 'शिर्डी के साईबाबा' आला. सुधीर दळवी बाबा झाले आणि इतके एकरूप झाले की घराघरांत तोच चेहरा बसला. हेच दळवी पुढे टीव्हीच्या 'रामायण'मध्ये वसिष्ठ ऋषी! या पिच्चरशी जोडलेल्या मनोजकुमार यांचं नाव शिर्डीतल्या एका रस्त्याला दिलं आहे.

त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी'. अकबर कव्वाल गातो, आवाज मोहम्मद रफींचा, समोर साईंची मूर्ती, आणि आंधळ्या निरुपा रॉयला दिसायला लागतं. मनमोहन देसाईंनी लॉजिकला सुट्टी दिली आणि लोकांनी शिट्ट्या दिल्या. मंदिरात मुसलमान कव्वाल आणि दर्शनाला हिंदू आई, देशभराच्या टॉकीजना शिर्डी अशी कळली. रडू येतं, दरवेळी येतं.

पण खरा क्लासिक हवा असेल तर अजून मागे चला. १९५५ चा मराठी 'शिर्डीचे साईबाबा', दिग्दर्शक कुमारसेन समर्थ. कोण हे? नूतन आणि तनुजा यांचे वडील. म्हणजे काजोलचे आजोबा!

अरे हो, साईबाबांची महासमाधी १५ ऑक्टोबर १९१८. पुन्हा १९१८! नगरच्या इतिहासात हे साल म्हणजे ब्लॉकबस्टरच.

शुक्रवार म्हणजे नवा पिच्चर. म्हणून दोन ताजे क्लासिक्स. आधी 'पिस्तुल्या'. नागराज मंजुळे मूळचे करमाळ्याकडचे, सोलापूर जिल्ह्यातले. पण कॅमेऱ्याशी मैत्री कुठे झाली, माहीत आहे का? नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात, कम्युनिकेशन स्टडीज शिकताना. ही शॉर्ट फिल्म त्याच शिक्षणातून आली आणि पदार्पणासाठी थेट राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतरचे. झिंगाटवर नाचलेल्या प्रत्येकानं हे छोटं पिस्तूल एकदा पाहायलाच हवं.

मग 'ख्वाडा'. दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे, श्रीगोंदा तालुक्यातले. पिच्चरसाठी त्यांनी शेतजमीन विकली. शेतकऱ्याच्या घरात जमीन विकणं म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यात कुणाला समजवायला लागत नाही. पण पडद्यावर ती जमीन परत आली: मेंढरं, धूळ, पाल, फिरस्ता धनगर बाप, लग्नाची घाई झालेला पोरगा. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. दुसरा पुरस्कार आवाजाचा, जागेवरच केलेल्या ध्वनिमुद्रणाचा! म्हणून सांगते, टीव्हीचा व्हॉल्यूम वाढवा. मेंढरांचं बेंबटणं, कुत्र्यांचं भुंकणं, वारा, सगळं अस्सल आहे. शशांक शेंडे यांचा बाप तर डोक्यातून जात नाही.

शनिवार म्हटलं की शिंगणापूर. जगप्रसिद्ध का? घरांना दारं नाहीत! आणि शनिवारचा पिच्चर मात्र कुलपातल्या माणसाचा. 'सेव्हन इयर्स इन तिबेट', १९९७, हिरो ब्रॅड पिट.

ब्रॅड पिट आणि नगर? हो, हो, आहे कनेक्शन! पिटनं साकारलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हा खराखुरा ऑस्ट्रियन माणूस. १९३९ मध्ये तो नंगा पर्वताच्या मोहिमेवर आला, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिशांनी त्याला पकडलं. आधी ठेवलं कुठे? अहमदनगरच्या छावणीत! तिथून पुढे डेहराडून, १९४४ मध्ये पलायन, मग तिबेट आणि कोवळे दलाई लामा. गंमत म्हणजे पिच्चरमधला बराचसा 'तिबेट' अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतात आहे. मुलांना आधी सांगू नका, नंतर सांगा!

रविवार. पिच्चर नाही, मालिका. 'भारत एक खोज', दूरदर्शन, १९८८, दिग्दर्शक श्याम बेनेगल. नेहरू झाले रोशन सेठ, ॲटनबरोंच्या 'गांधी'तलेही नेहरू तेच. नेहरूंच्या ज्या पुस्तकावर ही मालिका बेतली ते कुठे लिहिलं गेलं हे नगरच्या पोराला झोपेतही सांगता येतं: भुईकोट किल्ल्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये वल्लभभाई, मौलाना आझाद, नेहरू अशा नेत्यांना इथे डांबलं. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी तो जाडजूड ग्रंथ लिहून काढला आणि अर्पण केला किल्ल्यातल्या सोबत्यांनाच. त्याच भिंतींआड आझाद 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं लिहीत होते. एका तुरुंगातून दोन क्लासिक्स!

भाग ५३, म्हणजे एका रविवारात आटोपणार नाही. म्हणून माझी शिफारस ऐका, जोतिराव फुल्यांपासून सुरुवात करा. कारण महात्मा फुले कोण झालंय, माहीत आहे का? सदाशिव अमरापूरकर! बुधवारी ज्यांना पाहून घाम फुटला, रविवारी त्यांच्यापुढे मान लवते. आणि नगरमध्ये सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतिराव प्रभावित झाले, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरार बाईंकडेच घेतलं. म्हणजे नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या पुस्तकावरच्या मालिकेत, नगरचा नट, नगरच्या शाळेनं भारावलेल्या माणसाची भूमिका करतोय.

तो भाग मुलींना शेजारी बसवून पाहा. उरलेल्या ५२ भागांना पुढचे रविवार आहेतच!