नवरचित भाषेच्या शब्दसंग्रहाचे संघटन : साधननिवडीचा विचार (आंजर्ले परिसर व रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात)

गोषवारा

जाणीवपूर्वक घडवलेल्या भाषेत किंवा परिभाषेत शब्द तयार करणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते शब्द नीट लावून ठेवणेही महत्त्वाचे असते. प्रस्तुत लेखात शब्दसंग्रहाच्या वर्गवार, जोडीवार आणि मूळवार अशा तीन मांडण्यांचे स्वरूप, गुण व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. त्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’, रत्नागिरीतील भाषाशुद्धीची चळवळ, शासकीय परिभाषाकोश आणि एस्परान्तो ही उदाहरणे घेतली आहेत. आंजर्ले येथील किनाऱ्याशी निगडित शब्दांच्या आधारे वही, चिठ्ठ्या, तक्ता व कोशनिर्मितीची संगणकप्रणाली या साधनांची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचेही विवेचन केले आहे.

बीजशब्द : नवरचित भाषा, शब्दसंग्रह, परिभाषा, कोशरचना, अर्थक्षेत्र, आंजर्ले.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, जोग नदीच्या मुखाशी आंजर्ले हे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, चढणीच्या पाखाड्या आणि कड्यावरचा गणपती ही या गावाची ओळख होय. मंदिराच्या परिसरातून दक्षिणेकडे पाहिले असता हर्णैजवळच्या समुद्रातील सुवर्णदुर्ग दृष्टीस पडतो. ‘कड्यावरचा गणपती’ हे नाव लोकांच्या तोंडी सहज घडलेले आहे. ‘सुवर्णदुर्ग’ हे नाव विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीतले, योजून दिल्यासारखे वाटते. भाषेत शब्द या दोन्ही वाटांनी येतात.

यांतील दुसऱ्या वाटेचा, म्हणजे शब्द योजून घडवण्याचा, अनुभव मराठीला भरपूर आहे. संपूर्ण नवी भाषा रचण्याचे एस्परान्तोसारखे प्रयोग युरोपात झाले. मराठीत मात्र चालू भाषेच्या आत नवे शब्दभांडार उभारण्याचे प्रयत्न झाले. दोन्हींपुढील व्यावहारिक अडचण एकच आहे. पहिले पन्नास शब्द स्मरणात राहतात. पाचशेव्या शब्दापाशी आधीचा शब्द आठवत नाही, एकाच अर्थाला दोन शब्द होतात किंवा एकच रूप दोन अर्थांना दिले जाते. अशा वेळी ‘कोणते साधन वापरावे?’ असा प्रश्न विचारला जातो. तथापि त्याआधी ‘वापरणारा शब्दापर्यंत कोणत्या दिशेने येणार आहे?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. शब्दसंग्रहाची चौकट केवळ शब्द साठवत नाही. कोणत्या अर्थाला शब्द मिळेल आणि कोणता अर्थ शब्दावाचून राहील, हेही बव्हंशी तीच ठरवते.

२. वर्गवार मांडणी

शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर, राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. रघुनाथ पंडित यांच्या नावाशी तो निगडित आहे. सुमारे १,३८० शब्दांचा हा कोश पद्यबद्ध असून राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशा एकूण दहा वर्गांत विभागलेला आहे. पेशवा, मजुमदार, सुरनीस या पदांऐवजी प्रधान, अमात्य, सचिव ही नावे ज्या काळात आली, त्याच काळातील हे कार्य आहे.

या कोशाला ‘अमरकोशा’ची परंपरा लाभली होती. छापखाना हाताशी नसताना पद्य हेच साठवणुकीचे साधन होते. छंदामुळे शब्द गळत नाही आणि वर्गामुळे तो कोठे शोधावा हे कळते. गडावरील कारकुनाला दुर्गवर्ग आणि लेखनवर्ग मुखोद्गत असले, तर त्याचे बरेचसे काम भागे. म्हणजे येथे साधनाची निवड वापरणाऱ्याच्या कामावरून झालेली दिसते.

वर्गवार मांडणीचा मोठा गुण असा की, एका क्षेत्रातील उणिवा तिच्यात तत्काळ दिसतात. शस्त्रवर्ग लिहिताना एखादे शस्त्र राहिले, तर ते ध्यानात येते. तिची मर्यादा मात्र वर्गांच्या सीमेवर जाणवते. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालण्यासाठी येतात. ‘कासव’ हा शब्द कोणत्या वर्गात ठेवावा? अमरसिंहाने त्याला वारिवर्गात स्थान दिले. परंतु घरटे, वाळू, अंडी यांच्या संदर्भात तो शोधणाऱ्याला तेथे सापडणार नाही. जॉन विल्किन्स याने १६६८ मध्ये सर्व विश्व ४० मुख्य वर्गांत विभागून त्यावरून शब्दच सिद्ध करण्याची योजना मांडली. तीत अक्षर म्हणजे वर्गाची खूण होती. परिणामी वर्गीकरण चुकले की शब्दही चुकतो; नवे ज्ञान आले की सारी भाषा दुरुस्त करावी लागते. यावरून वर्ग ही शब्दाला लावलेली खूण असावी, शब्दाचा पिंजरा नसावा, हे स्पष्ट होते.

३. जोडीवार मांडणी

वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. परका शब्द आणि त्यासमोर स्वकीय पर्याय अशी जोडी हे तिचे मुख्य साधन होते. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट, दूरध्वनी असे अनेक शब्द त्यांनी सुचवले किंवा रूढ केले, असे मानले जाते. फाउंटन पेनसाठी सुचवलेला ‘झरणी’ हा शब्द मात्र रुजला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले. त्याच्या ‘पदनाम कोशा’वर (१९६२) क्लिष्टतेबद्दल टीका झाली आणि ‘बदनाम कोश’ अशी त्याची संभावनाही झाली; तरीही त्यातील अनेक पदनामे आज कोणाला परकी वाटत नाहीत. शासकीय परिभाषाकोशांत साधारणपणे इंग्रजी शब्द अकारविल्हे घेऊन त्यापुढे मराठी पर्याय दिलेला असतो. अनुवादकाच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे, कारण त्याच्यापुढे इंग्रजी शब्दच आधी येतो.

तथापि या मांडणीत एक दोष मुळातच असतो. मूळ भाषेत जितक्या संकल्पना वेगळ्या नोंदलेल्या आहेत, तितकेच कप्पे नव्या शब्दसंग्रहाला मिळतात. इंग्रजी ‘टाइड’ या एका शब्दासमोर ‘भरती-ओहोटी’ लिहिले की रकाना भरतो आणि काम संपल्यासारखे वाटते. परंतु किनाऱ्यावरच्या माणसाला भरती आणि ओहोटी एवढ्यावर भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांवर होडी केव्हा काढायची, खाडी केव्हा उतरायची, हे अवलंबून असते. इंग्रजीत या दोहोंना स्वतंत्र संज्ञा आहेत. पण त्या ‘टाइड’च्या पोटात, दुसऱ्या ओळीत असतात आणि घाईने केलेल्या यादीत हमखास गळतात. ‘पाखाडी’ला तर इंग्रजी यादीत जागाच सापडत नाही. जो अर्थ यादीत नाही, त्यासाठी कोणी शब्द शोधत नाही. असलेला शब्दही मग बिनकामाचा ठरतो.

४. मूळवार मांडणी

झामेनहोफ याने १८८७ मध्ये एस्परान्तो भाषेची पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यासोबत सुमारे ९०० मूळ शब्दांची यादी होती. उपसर्ग व प्रत्यय लावून त्यांपासून कितीतरी अधिक शब्द सिद्ध होत. ‘बोन’ म्हणजे चांगला. त्याला ‘माल’ हा उपसर्ग लावला की ‘वाईट’. ‘वाईट’साठी वेगळा शब्द पाठ करावा लागत नाही. संस्कृत धातुपाठाशी परिचित असलेल्या वाचकाला हे तत्त्व नवे वाटणार नाही.

मूळवार मांडणीत शब्दांची कुळे दिसतात. ‘अंक’पासून दिनांक, क्रमांक, विशेषांक, ‘दूर’पासून दूरध्वनी, दूरदर्शन. अशी कुळे नोंदवलेली असली, तर पुढचा शब्द कोणत्या साच्यात घडवावा हे ठरवता येते आणि ऐकणाऱ्यालाही त्याचा अंदाज बांधता येतो. दिनांक टिकला आणि झरणी टिकली नाही, याला अन्य कारणेही असतील. परंतु ज्या शब्दाला भाऊबंद आहेत तो स्मरणात राहणे सोपे जाते, एवढे निश्चित म्हणता येईल. या मांडणीची मर्यादा अशी की, शब्दाचे मूळ ठाऊक असल्यावाचून तो सापडत नाही.

५. नोंदीचे स्वरूप

वरील तिन्ही मांडण्या परस्परविरोधी नाहीत. एकाच नोंदीत तिन्हींना स्थान देता येते. आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरील काल्पनिक समाजासाठी एखाद्या विद्यार्थ्याने भाषा रचावयास घेतली, असे समजू. त्याच्या प्रत्येक नोंदीत किमान पुढील घटक असावेत :

(१) शब्दाचे रूप व उच्चार.
(२) अर्थ, हा पर्यायी शब्दाने न देता वाक्याने द्यावा. ‘भांग’ याच्या अर्थापुढे केवळ ‘भरतीचा प्रकार’ न लिहिता ‘अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते ती स्थिती’ असे लिहावे.
(३) अर्थक्षेत्र, एकापेक्षा अधिक देण्याची मुभा असावी. कासव हे समुद्र, प्राणी व किनारा या तिन्हींत दिसले पाहिजे.
(४) मूळ व साधित शब्द.
(५) वापराचे एक वाक्य.
(६) शब्द केव्हा घडवला आणि तो प्रस्तावित, रूढ की रद्द, याची नोंद.

सहावा घटक बहुधा वगळला जातो. रद्द केलेला शब्द पुसून टाकला, तर काही महिन्यांनी तोच पुन्हा घडवला जातो आणि तो का टाकला होता, हे कोणास आठवत नाही.

६. साधनांची तुलना

वही : सुरुवातीच्या शंभरेक शब्दांसाठी वही पुरेशी आहे. तिच्यात विचार मोकळेपणाने करता येतो. मात्र दोन शब्दांच्या मध्ये तिसरा घालता येत नाही.

चिठ्ठ्या : एका चिठ्ठीवर एक शब्द लिहिला की क्रम हवा तसा बदलता येतो. संगणकपूर्व काळात मोठमोठ्या कोशांचे काम चिठ्ठ्यांवरच झाले. तथापि एक चिठ्ठी एका वेळी एकाच गठ्ठ्यात राहते. कासवाच्या तीन चिठ्ठ्या कराव्या लागतात आणि दुरुस्ती एकीवरच होते.

तक्ता : एक्सेल, गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क यांसारख्या प्रणालीत स्तंभांनुसार क्रम लावणे व गाळणी करणे सुलभ असते. बहुतेकांसाठी हे साधन पुरेसे आहे. एका शब्दाला अनेक अर्थ आणि एका अर्थाला अनेक शब्द असल्यास मात्र एकच तक्ता अपुरा पडतो. अशा वेळी ‘शब्द’ व ‘अर्थ’ असे दोन तक्ते करून ते क्रमांकाने जोडावेत.

कोशप्रणाली : अल्पनोंदित भाषांच्या अभ्यासासाठी तयार केलेली फील्डवर्क्स ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तीत नोंद, अर्थ व अर्थक्षेत्र वेगवेगळे राखले जातात. क्षेत्रकार्यासाठी तयार केलेली सुमारे १,८०० अर्थक्षेत्रांची यादीही तीत वापरता येते. नवरचित भाषांसाठीच तयार केलेली पॉलीग्लॉट ही प्रणाली शब्दांची व्याकरणिक रूपे नियमांनुसार सिद्ध करून देते. ज्या भाषेत रूपे पुष्कळ आहेत तिला ही उपयोगी. ज्या भाषेत अर्थभेद बारीक आहेत तिला फील्डवर्क्स अधिक उपयोगी. दोन्ही शिकण्यास वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे.

७. देवनागरीसंबंधी दक्षता

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतक्रमात तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे संगणकाने लावलेला क्रम कोशाच्या क्रमाशी जुळेलच असे नाही. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे संगणकाच्या दृष्टीने जोडाक्षरे असल्याने ‘क’ आणि ‘ज’ यांत जाऊन बसतात. क्रमाचे नियम स्वतः ठरवण्याची सोय साधनात आहे किंवा नाही, हे आधी पाहावे.

याहून महत्त्वाची बाब टंकाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी तयार झालेल्या अनेक मराठी याद्या अशा टंकांत आहेत की, तो टंक नसल्यास पडद्यावर केवळ अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. शब्द आहेत, पण ते शोधता येत नाहीत आणि रूपांतर केल्यावाचून त्यांचा क्रमही लागत नाही. म्हणून कोणत्याही साधनातून सर्व नोंदी युनिकोडमधील साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येणे, ही अट अनिवार्य मानावी.

८. निष्कर्ष

(१) साधनाची निवड शब्दसंख्येवरून नव्हे, तर शोधाच्या दिशेवरून करावी. अर्थाकडून शब्दाकडे येणाऱ्यास वर्ग, परभाषेकडून येणाऱ्यास जोडी आणि शब्द घडवणाऱ्यास मूळ उपयोगी पडते.

(२) परभाषेची यादी हा एकमेव आरंभबिंदू नसावा. आधी त्या समाजाच्या जगण्यातील संकल्पना वाक्यरूपाने लिहाव्यात, मग शब्द घडवावेत.

(३) आरंभ तक्त्याने करावा. अर्थ आणि शब्द यांचे संबंध गुंतागुंतीचे होऊ लागल्यावरच कोशप्रणालीकडे वळावे.

हे निष्कर्ष छंद म्हणून भाषा रचणाऱ्यापुरते मर्यादित नाहीत. विज्ञान, विधी, मत्स्यव्यवसाय अशा क्षेत्रांसाठी मराठी परिभाषा आजही घडत आहे. तिचे काम इंग्रजी यादीचा रकाना भरण्यापुरते राहिले, तर उधाण, भांग, पाखाडी यांसारखे शब्द लोकांच्या तोंडी असतानाच कोशाबाहेर राहतील. नव्या शब्दासाठी कप्पा करताना जुन्या शब्दाची जागा बुजत नाही ना, हे पाहणे कोशकाराचे पहिले कर्तव्य ठरते.