नाशिकविषयी इंग्रजीत लिहिताना: क्रियापदाची आणि प्रिपोझिशनची निवड

नाशिकचे मराठी माहितीपत्रक इंग्रजीत आणताना सर्वाधिक कस लागतो तो लहान शब्दांपाशी. ‘नाशिकला’ हा एकच शब्द घ्यावा. नाशिकला राहणे म्हणजे ‘लिव्ह इन नाशिक’, नाशिकला जाणे म्हणजे ‘गो टू नाशिक’ आणि नाशिकला पोहोचणे म्हणजे नुसते ‘रीच नाशिक’. पोहोचणे ‘अराइव्ह’ने सांगायचे तर शहरासाठी ‘अराइव्ह इन नाशिक’ आणि स्थानकासाठी ‘अराइव्ह ॲट नाशिक रोड स्टेशन’. ‘ला’ एकच असला, तरी प्रिपोझिशन इंग्रजी क्रियापद आणि नाम यांवरून ठरते. म्हणून आधी नाम, मग क्रियापद, शेवटी प्रिपोझिशन हा क्रम सोयीचा पडतो.

क्रियापद नामाच्या सोबतीने येते. मराठीत ‘करणे’ सगळीकडे चालते: चूक करतात, गृहपाठ करतात, स्नानही करतात. इंग्रजीत चुकीला ‘मेक’ लागते, गृहपाठाला ‘डू’ आणि रामकुंडातल्या स्नानासाठी ‘टेक अ डिप’ शोभते. मराठीत निर्णय घेतात. इंग्रजीत ‘मेक अ डिसिजन’ म्हणतात. विद्यार्थी परीक्षा देतो, तिथे ‘टेक ॲन एक्झाम’ येते. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ भारतात रूढ आहे, पण बाहेरचा वाचक त्यावरून परीक्षा घेणारा शिक्षक समजू शकतो.

प्रिपोझिशनमधून नामाकडे कसे पाहिले आहे ते कळते. शहर नदीकाठी वसलेले असते, म्हणून ‘ऑन द गोदावरी’. डुबकी पाण्यात, म्हणून ‘इन द गोदावरी’. पूल वरून जातो, म्हणून ‘ओव्हर द गोदावरी’. प्रवासाचे साधन सांगताना ‘बाय ट्रेन’, पण गाडीचे नाव घेताच ‘ऑन द पंचवटी एक्स्प्रेस’. काही क्रियापदांना प्रिपोझिशन नकोच असते. ‘डिस्कस’मध्ये ‘विषयी’चा अर्थ आधीच आहे, त्यापुढे ‘अबाउट’ लावू नये.

शंका आली की शब्दकोशात अर्थाबरोबर उदाहरणाची वाक्येही पाहावीत. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला, 1942 मध्ये निघालेला कोश याच गरजेतून घडला: क्रियापदापुढे वाक्य कसे चालते, हे त्यात नमुन्यांनी दाखवले आहे. नामाशी कोणते क्रियापद जुळते हे पाहायला 2002 चा ऑक्सफर्ड कोलोकेशन्स कोश उपयोगी पडतो. त्यात नामाखाली त्याची नेहमीची क्रियापदे मिळतात. शब्द असा जोडीने टिपून ठेवला, तर पुढच्या वाक्यात तो योग्य सोबतीसह आठवतो.