लॅपटॉपला पोर्ट दोन, मशिनं सात: यूएसबी हब घेताना पैसे कुठे घालायचे?



मागच्या एका व्हिडिओत मी म्हणालो होतो की छोटं सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान टाकताना डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या, लाईट गेली तरी गिऱ्हाईक परत जात नाही. त्यानंतर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, लॅपटॉपला यूएसबी दोनच आहेत. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, कॅमेरा, माउस, पावतीचा प्रिंटर, हार्ड डिस्क, एवढं सगळं लावायचं कुठे?"

उत्तर सोपं वाटतं. हब घ्या, विषय संपला. मीही तसंच केलं होतं.

दुकानाचं पहिलंच वर्ष, जून महिना. दहावीचा निकाल लागलेला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी दारात रांग. दीडशे रुपयांचा चार पोर्टचा हब आणला आणि त्यात स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, माउस आणि बाहेरची हार्ड डिस्क अशी चारही खोचली. सकाळी चाललं. दुपारी एका आजोबांचा अंगठा घेताना मशीन बंद. काढलं, परत लावलं, चालू. पाच मिनिटांनी परत बंद. आजोबांना वाटलं त्यांचाच अंगठा झिजलाय, ते बिचारे हात धुऊन आले. मी मशीनला शिव्या घालतोय. आणि संध्याकाळी स्कॅन चालू असतानाच हार्ड डिस्क टक-टक करून गायब झाली. तिच्यावर तेव्हाच चार महिन्यांच्या हिशोबाचा बॅकअप कॉपी होत होता. ती फाईल नंतर उघडलीच नाही. मूळ फाईल लॅपटॉपमध्ये होती म्हणून वाचलो.

मशीन चांगलं होतं, हार्ड डिस्कही चांगली होती. घोळ होता करंटचा.

आता हे नीट समजून घ्या. यूएसबी पोर्ट डेटा देतो तसा करंटही देतो, ५ व्होल्टवर. साध्या यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० असेल तर ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॅट. साधा हब पोर्ट वाढवतो, करंट वाढवत नाही. अर्ध्या इंचाच्या पाइपला चार नळ लावले म्हणून टाकीतून जास्त पाणी येत नाही ना, तसंच. माउस, बारकोड स्कॅनर यांना चिमूटभर करंट पुरतो. पण बाहेरची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच जवळपास सगळा पोर्ट खाते. वेगळा अडॅप्टर नसलेला, यूएसबीवरच चालणारा स्कॅनरही खादाडच. दोघं एकत्र आले की व्होल्टेज पडतं, आणि मग सगळ्यात नाजूक मशीन आधी सुटतं.

म्हणून दुकानासाठी हब घ्यायचा तो स्वतःचा अडॅप्टर असलेला. दुकानदाराला "पॉवर्ड हब" म्हणून सांगा. बॉक्सवर पोर्ट मोजण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा. ५ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे १५ वॅट, आपल्या कामाला हे बऱ्यापैकी पुरतं. ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर आणि त्यावर दहा पोर्ट असा हबही बाजारात मिळतो. तो घेऊ नका.

अर्थात, आधी गर्दी कमी करा, मग हब घ्या. मोठा प्रिंटर वायफायवर किंवा लॅनवर चालत असेल तर त्याला यूएसबी हवीच कशाला? माउस ब्लूटूथचा घेतला की आणखी एक पोर्ट सुटला. हार्ड डिस्क मात्र मी आजही थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावतो, हबला नाही. एक पोर्ट तिचा, दुसरा हबचा. त्या जूनची भीती अजून आहे म्हणा हवं तर. प्रिंटर आणि पावतीचा प्रिंटर यांना स्वतःचा वीजपुरवठा असतो, त्यांना हबमधून फक्त डेटा लागतो. ती बिनधास्त हबवर टाका.

टाइप-सी पोर्ट असेल तर आनंद आहे, पण दिसायला सारखे असले तरी सगळे सी पोर्ट सारखं काम करत नाहीत. काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं, काहींतून स्क्रीनही जोडता येते. लॅपटॉपची माहिती वाचल्याशिवाय महागडा सी हब घेऊ नका. आणि लॅपटॉप त्याच पोर्टने चार्ज होत असेल, तर चार्जर आरपार जोडता येणारा हबच लागेल, नाहीतर चार्जिंग की काम असं निवडत बसावं लागतं.

एक मजेशीर त्रास सांगतो. वायरलेस माउस अडखळत असेल तर सेल बदलण्याआधी त्याचा छोटा रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३.० चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि असे माउस बहुतेक त्याच पट्ट्यात चालतात. रिसीव्हर हार्ड डिस्कपासून लांब, दुसऱ्या बाजूला लावा. जागाच नसेल तर फूटभराची एक्स्टेंशन वायर लावा.

पॉवर्ड हब घेऊनही मशीन मध्येच झोपत असेल तर विंडोजची वीज वाचवायची सवय तपासा. पॉवर ऑप्शन्समध्ये, यूएसबी सेटिंग्जखाली, 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' असतं, ते डिसेबल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची टिक असते, तीही काढा.

हबच्या प्रत्येक पोर्टवर कागदी टेप लावून मशीनचं नाव लिहा. प्रिंटर दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज कधीकधी त्याला नवीन प्रिंटर समजून 'कॉपी १' करून ठेवतं, आणि तुमचा पोरगा जुन्याच नावावर प्रिंट सोडत बसतो.

आता लॅपटॉपवाल्यांची खास चूक. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण हबचा अडॅप्टर भिंतीत होता! सगळी मशिनं एकदम गेली, अर्धा भरलेला फॉर्म गेला. हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्याच बोर्डवर लावा. प्रिंटर नाही चालला तरी अंगठा आणि स्कॅन चालला पाहिजे.

हब आणल्याच्या दिवशीच सगळी मशिनं एकदम लावून अर्धा तास चालवा. स्कॅन करता करता प्रिंट द्या, त्यातच अंगठा घ्या. काही सुटलं तर बिल हातात असतानाच बदलून आणा, जूनची वाट बघू नका.