शरीराची ठेव आणि गोवराचा दरोडा

गोवर एकदा अंगावरून निघून गेला की मूल निर्धास्त झाले, असा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळतो. या समजात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेले अर्धे जाणून न घेतल्यामुळे समाजाला त्याची जबर किंमत मोजावी लागते.

सत्याचा भाग असा. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तेथे पाहणी केली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या हयात वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही. शरीराने पासष्ट वर्षांपूर्वीचा शत्रू लक्षात ठेवला होता.

ही स्मृती घडते कशी? त्वचा आणि श्लेष्मल आवरण ही संरक्षणाची पहिली भिंत. ती ओलांडून जंतू आत आला, तर भक्षक पेशी काही तासांतच त्याच्यावर तुटून पडतात. मात्र नेमक्या त्याच जंतूविरुद्ध प्रतिपिंडे घडविणारी व बाधित पेशींना हुडकून मारणारी फौज उभी राहण्यास आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो. लढाई संपल्यावर या फौजेतील बहुतेक पेशी नष्ट होतात. थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आजारपण हा खर्च आणि स्मृती हे त्यातून उभे राहिलेले भांडवल होय.

गोवराचा विषाणू या भांडवलावरच दरोडा घालतो. तो स्मृतिपेशींमध्येच शिरून त्यांचा नाश करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर केलेली तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. इतर रोगजंतूंविरुद्ध असलेल्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. म्हणजे गोवराचे पान खात्यात जमा होते. पण तेवढ्यासाठी बाकीची खतावणी फाटून जाते! लस घेतलेल्या मुलांत असा ऱ्हास दिसला नाही. खर्चावाचून भांडवल मिळवून देणारा असा दुसरा व्यवहार क्वचितच सापडेल.

परंतु हा व्यवहार केवळ खासगी नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना बाधा देऊ शकतो. म्हणून साथ रोखण्यास सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. नऊ महिन्यांखालील अर्भकांना आपल्याकडे नेहमीच्या वेळापत्रकात ही लस मिळत नाही. त्यांचे रक्षण शेजारच्या मुलाला मिळालेली लसच करीत असते. ‘इतरांनी घेतली आहे, मग आमचे काय अडते?’ असे म्हणणारा माणूस सार्वजनिक ठेवीवर फुकट जगत असतो.

मात्र न घेणारे सारेच असे बेफिकीर असतात असे मानणे अन्यायाचे ठरेल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ पसरली व बालके दगावली. सरकारी लस मोफत असते हे खरे. पण रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा दिवस मोफत नसतो. तिला एका डोसासाठी मजुरी बुडवावी लागते, आणि डोस तर दोन घ्यावयाचे असतात. ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच ती कमी करण्याचा विचारही होत नाही.

तेव्हा लसीकरण सायंकाळी, सुटीच्या दिवशी, कामाच्या ठिकाणाजवळ नेणे हे औदार्य नसून साधा हिशेब आहे. शाळा प्रवेशाच्या वेळी लसीचे कार्ड तपासून राहिलेला डोस मिळवून देणे शिक्षकांनाही अवघड नाही. ९५ टक्क्यांपर्यंतची अखेरची काही पावले सर्वांत महाग पडतात, हे मान्य. पण तीच टाळली, तर आधीच्या खर्चाचाही पुरता मोबदला पदरात पडत नाही.