मुंगी ओळखावी कशी?

आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात पऱ्हाटीवर मुंगळे चढताना आपण नेहमी पाहतो. घरात गुळाच्या डब्याला बारीक मुंग्या लागतात. अंगणात लाल मुंगी डसली की आग आग होते. आपण म्हणतो, काळी ती काळी अन् लाल ती लाल. पण नुसता रंग पाहून मुंगी ओळखायला गेलो, तर फसगत होते. मग ओळखावी कशी?

मुंगीच्या अंगाचे तीन भाग दिसतात. डोके, छाती आणि पोट. छाती व पोट यांच्या मध्ये बारीक कंबर असते. या कमरेवर गाठ असते. कोणाला एक, कोणाला दोन. ही पहिली खूण. ती पाहायला एक लहान भिंग पुरे.

मुंगळ्याच्या कमरेला एकच गाठ असते. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोटातले आंबट पाणी जखमेवर सोडतो. म्हणून चुरचुरते.

मुंगळ्याच्या एकाच बिळातून काही थोराड डोक्याचे व काही लहान डोक्याचे मुंगळे निघतात. लोकांना वाटते, या दोन जाती. तसे नाही. ती एकाच घरची लेकरे. कामे वेगळी, म्हणून अंग वेगळे. आणखी गंमत अशी की, आपण ‘मुंगळा’ म्हणतो खरे, पण हे कामकरी मुंगळे साऱ्या माद्याच! तेव्हा लहान-मोठ्या आकारावरून जात ठरवू नये.

मुंगळ्याचा एक भाऊबंद आहे. तोही काळा, त्यालाही एकच गाठ. पण त्याच्या पोटावर सोनेरी लव असते. उन्हात ती रेशमासारखी चमकते. मुंगळ्याला अशी सोनेरी लव नसते.

तिसरी एक मोठी काळी मुंगी असते. तिलाही गाठ एकच, पण त्या गाठीवर दोन काटे असतात. तिला नांगी असते. ती बहुधा एकेकटी हिंडते. हिला मुंगळा समजून हाती धरू नका!

आता लाल मुंग्या पाहू. अंगणातली डसणारी लाल मुंगी आणि घरातली बारीक पिवळसर मुंगी, दोघींच्या कमरेला दोन दोन गाठी. मग फरक कसा कळावा? भिंगातून मिशा पाहा. डसणारीच्या मिशीला 10 पेरे, घरातलीच्या मिशीला 12.

हे सारे कशाला शिकायचे? कारण ओळख चुकली की उपाय चुकतो. पऱ्हाटीवरचा मुंगळा पान खात नाही. तो येतो गोड चिकट्यासाठी. मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितात व चिकटा टाकतात. मुंगळा तो चाटतो आणि बदल्यात त्यांची राखण करतो. मावा खाणारा ठिपक्यांचा ढालकिडा आला, तर त्याला हुसकून लावतो. म्हणजे मुंगळा चोर नव्हे, चोराचा राखणदार! मुंगळे चढताना दिसले की कोवळे शेंडे अन् पानांची खालची बाजू उलटून पाहा. चोर तिथेच सापडेल.

पण मुंगळे पाहताच औषधाचा पंप पाठीवर घेऊ नका. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा झाली आणि कित्येक शेतकरी व मजूर दगावले. विनाकारण फवारले तर पैसा जातो, ढालकिडा मरतो, अन् आपल्या जिवालाही धोका होतो. आधी कीड ओळखावी, किती आहे ते पाहावे, कृषी सहायकांना विचारावे, मगच काय ते ठरवावे.

उद्या वावरात जाल तेव्हा धुऱ्यावर घटकाभर बसा. मुंगळ्यांची रांग कोणत्या झाडावर चढते ते पाहा. पोरांनाही दाखवा. आधी कंबर पाहा, मग गाठी मोजा, अन् मगच नाव घ्या.